खांदेरीचं दीपगृह: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, एक जवळचं आणि एक लांबचं. अंधार पडला की लांबच्या बेटावर दिवा लागतो. हा दिवा १८६७ पासून तिथे आहे, आणि त्याच्या पायाखालचा किल्ला त्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुना. किल्ल्याविषयी विचारणारे दिव्याबद्दल विचारत नाहीत आणि दिव्याविषयी विचारणारे किल्ला विसरतात. म्हणून दोन्हींबद्दलचे प्रश्न इथे एकाच जागी घेतले आहेत.

खांदेरी नेमकं कुठे आहे? उंदेरी म्हणजे तेच का?

नाही, ही दोन वेगळी बेटं आहेत. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेला थळ गाव आहे. थळसमोर किनाऱ्यालगत दिसतं ते उंदेरी, आणि त्याच्यापलीकडे खुल्या समुद्रात आहे ते खांदेरी. दीपगृह खांदेरीवर आहे. मुंबई बंदराच्या तोंडापासून खांदेरी दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर येतं. बेटावर दोन टेकड्या आहेत आणि दीपगृह दक्षिणेकडच्या टेकडीवर आहे.

दोन्ही बेटांवर किल्ले आहेत, पण ते एकमेकांचे सोबती म्हणून बांधलेले नाहीत. उंदेरीचा किल्ला खांदेरीला शह देण्यासाठीच उभा राहिला. ती हकिकत १६७९ च्या प्रश्नात आहे.

दीपगृह म्हणायचं, दीपस्तंभ की दांडी? आणि दीपमाळेला पण दीपस्तंभच म्हणतात ना?

सरकारी कागदांत 'दीपगृह' लिहितात. बोलताना आणि वर्तमानपत्रांत 'दीपस्तंभ' जास्त चालतो. 'दांडी' हा मुंबईचा जुना शब्द, कुलाब्याच्या दिव्याला लोक 'कुलाब्याची दांडी' म्हणत. किनाऱ्यावर नुसतं 'बत्ती' म्हटलं तरी कळतं. यातला कुठलाही शब्द चूक नाही.

देवळासमोरच्या दगडी दीपमाळेलाही दीपस्तंभ म्हणतात हे खरं, पण तिचं काम निराळं. ती उत्सवाला पेटते. दीपगृहाला मात्र एकही रात्र चुकवून चालत नाही, कारण त्याच्या उजेडावर आपली जागा मोजणारा माणूस बेटावर नसतो, कित्येक मैल लांब असतो.

हे दीपगृह कधी आणि कोणी बांधलं?

ब्रिटिश अमदानीत, १८६७ साली. मनोरा दगडी आहे, अष्टकोनी, सुमारे २५ मीटर उंच. टेकडीवर बांधल्यामुळे दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मनोऱ्याच्या उंचीपेक्षा बरीच जास्त भरते. समुद्रात महत्त्व या एकूण उंचीला असतं. का, ते दिव्याच्या पल्ल्याच्या प्रश्नात सांगितलं आहे.

तुलनेसाठी आजूबाजूची दोन वर्षं ध्यानात ठेवा. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावरचा दीपस्तंभ १८६४ साली उभारला, आणि मुंबईच्या कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं. खांदेरी या दोघांच्या मधलं.

मुंबई बंदराला दिवा हवा होता, तर तो मुंबईत लावायचा. वीस किलोमीटर दक्षिणेला कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण नकाशा उघडल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

नैर्ऋत्येकडून, म्हणजे खुल्या अरबी समुद्रातून, मुंबईकडे येणारं जहाज डोळ्यांसमोर आणा. कित्येक दिवस त्याला जमीन दिसलेली नाही. जहाज हाकणाऱ्या तांडेलाला आधी एवढंच जाणून घ्यायचं असतं की किनारा आला का, आणि आला असेल तर तो नेमका कोणता. कोकणचा किनारा समुद्रातून पाहिला की सारखाच दिसतो, मागे डोंगराची रांग आणि पुढे माडांची काळी रेघ. रात्री तर तीही दिसत नाही. अशा वेळी बंदराच्या तोंडाशी दिवा असून भागत नाही, कारण तो दिसेपर्यंत चूक होऊन गेलेली असते. बंदराच्या बरंच आधी, किनाऱ्यापासून सुटून समुद्रात पुढे आलेली एखादी जागा लागते. खांदेरी तशी जागा आहे.

उत्तरेकडे वळलेल्या जहाजाच्या उजव्या हाताला खांदेरी येतं. त्याच बाजूला पुढे थळसमोरचे उथळ खडक आहेत, त्यांच्यापासून अंग राखायचं. आणखी पुढे गेलं की डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात गेलेली खडकांची रांग. या दोन धोक्यांच्या मधून बंदराची वाट जाते. १८६७ पासून वाटेच्या सुरुवातीला खांदेरीचा दिवा होता, आणि १८७५ पासून दुसऱ्या टोकाला प्राँग्जचा. दोन्ही दिवे एकदम दिसले की होकायंत्रावर दोघांच्या दिशा घ्यायच्या आणि नकाशावर दोन रेघा ओढायच्या. त्या जिथे छेदतील तिथे आपलं जहाज.

हे काम १८६० च्या दशकातच का झालं, हेही याच नकाशावर कळतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी मुंबईतून कापूस जाऊ लागला. बंदरातली ये-जा वाढली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आगबोटींचा सगळा ओघच मुंबईकडे वळला. तेव्हा खांदेरीचा दिवा लागून दोन वर्षं झाली होती.

दिव्याच्या आधी बेटावर काय होतं? १६७९ ची लढाई ती हीच का?

हो, हीच. आणि ती लढाई समजली की दिव्याची जागा आणखी चांगली समजते.

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आलं. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेई आणि तिथून मराठ्यांच्या किनाऱ्यावर उतरे. शिवाजी महाराजांना या बंदराच्या दारावर पहारा हवा होता. १६७२ मध्येच त्यांनी खांदेरीवर किल्ला बांधायचं मनात आणलं, पण इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे ते काम तेव्हा थांबलं.

ऑगस्ट १६७९ मध्ये, भर पावसाळ्यात, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि काही लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटबंदीला सुरुवात झाली. इंग्रजांनी बेट सोडून जायला सांगितलं. महाराजांच्या हुकमाशिवाय हलणार नाही, असं मायनाकांनी कळवलं. मग इंग्रजांनी बेटाभोवती शिबाडं, म्हणजे शिडाची मोठी गलबतं, उभी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरू पाहत असताना मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार इंग्रजांच्या ताफ्यावर चालून आलं. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, मराठ्यांनी पकडलं. 'रिव्हेंज' या त्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजाने मात्र टिकाव धरला आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत परतलं.

एवढ्यावर थांबलं तर इंग्रज जिंकले असं वाटेल. पण पाहायचं ते बेटाकडे, आणि बेटावरचं बांधकाम थांबलं नाही. इंग्रजांची जहाजं मोठी होती आणि त्यांना वारा व खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून वाट काढत दाणागोटा आणि दारूगोळा पोचवत राहिल्या. पुढे सिद्दीच्या आरमाराचा प्रमुख सिद्दी कासिमही इंग्रजांना येऊन मिळाला, तरी वेढा आवळला गेला नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिलं. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर उतरून तिथे तटबंदी सुरू केली. दौलतखानाने ती मोडायचा प्रयत्न केला, पण उंदेरी सिद्दीकडेच राहिलं. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचं निधन झालं.

मायनाक भंडारींचं नाव शाळेच्या पुस्तकांत फार तर एका ओळीत येतं. मला ते अपुरं वाटतं. पावसाळ्यात, उघड्या समुद्रातल्या खडकावर, समोर तोफांची जहाजं उभी असताना या माणसाने भिंत बांधून घेतली.

मग इंग्रजांनी बेट लढून जिंकलं आणि दिवा लावला, असंच ना?

असं झालं नाही. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोहीम काढली होती. ती फसली. पेशवाई संपल्यावर, १८१८ मध्ये, राज्याबरोबर बेटही इंग्रजांकडे गेलं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी दिवा लागला. मुंबईचं आणि मागच्या किनाऱ्याचं राज्य एकाच्याच हाती गेल्यावर बंदराच्या दारावर पहारा ठेवण्याचं कारण उरलं नाही. वाट दाखवण्याची गरज मात्र होती.

शिवकाळात किंवा आंग्र्यांच्या काळात बेटावर दिवा लावत नसत का?

किल्ल्यावर माणसं राहत, म्हणजे मशाली-पणत्या असणारच. पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी रोज रात्री लागणारा दिवा १८६७ पासूनचा. लढाईतल्या बेटाला असा दिवा परवडतही नाही, कारण तो मित्राला दिसतो तसाच शत्रूलाही दिसतो. १६७९ मध्ये खांदेरी तगलं ते काळोखामुळे, हे वर आलंच आहे.

एवढासा दिवा इतक्या लांबून कसा दिसतो?

याला दोन गोष्टी लागतात, काच आणि उंची.

आधी काच. साधी ज्योत चहूबाजूंना उजेड सांडते, वर आकाशातही आणि खाली खडकांवरही. जहाजाच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा येतो. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने जाड, अवजड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची कडी एकात एक रचली. ज्योत मधोमध ठेवली की ही कडी वर-खाली जाणारा उजेड वळवून क्षितिजाकडे, एका आडव्या पट्ट्यात पाठवतात. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग पहिल्यांदा बसलं आणि पुढच्या काही दशकांत जगभर पसरलं. दिवे बदलत गेले, आधी तेलाची वात, मग रॉकेलच्या वाफेवर जाळी तापवणारा बर्नर, मग वीज. काचेमागचा विचार मात्र दोनशे वर्षांनंतरही तोच आहे.

आता उंची. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर केला तरी तो क्षितिजापलीकडे दिसत नाही. क्षितिज किती लांब, याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.८६ ने गुणा, किलोमीटर मिळतात. समजा दिवा समुद्रसपाटीपासून ४९ मीटरवर आहे. वर्गमूळ ७, म्हणजे त्याचं क्षितिज सुमारे २७ किलोमीटरवर. पाहणाऱ्याचा डोळा जहाजावर ९ मीटर उंचीवर असेल तर त्याचं क्षितिज साडेअकरा किलोमीटरवर. बेरीज केली की साडेअडतीस. स्वच्छ रात्री एवढ्या अंतरावरून दिवा दिसायला लागेल. लहान होडीत बसलेल्या माणसाला तोच दिवा बराच जवळ आल्यावर दिसतो. त्यात दिव्याचा दोष नसतो, त्याचा डोळा पाण्याच्या जवळ असतो एवढंच.

किनाऱ्यावर इतके दिवे असतात, मग हा खांदेरीचाच हे कसं ओळखायचं?

लयीवरून. प्रत्येक दीपगृहाला ठरावीक लय दिलेली असते, किती वेळात किती लखलखाट आणि मध्ये किती अंधार. शेजारच्या दोन दीपगृहांची लय कधीच सारखी ठेवत नाहीत. ही लय सागरी नकाशांवर आणि दिव्यांच्या यादीत छापलेली असते. घड्याळ हातात घेऊन मोजायचं आणि यादीशी ताडून पाहायचं.

पुष्कळांना वाटतं की दिवा चालू-बंद होतो. जुन्या पद्धतीच्या दीपगृहांत दिवा सतत जळत असतो आणि त्याच्याभोवती भिंग फिरतं. भिंगातून निघणारा झोत आपल्या समोरून गेला की लखलखाट दिसतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा आकार आणि रंग यांवरून ओळख पटते, म्हणून तेही यादीत नोंदवलेले असतात.

जुन्या इंग्रजी नकाशात 'केनरी' लिहिलंय. ही कान्हेरी लेण्यांची जागा का?

नाही. इंग्रज खांदेरीला 'केनरी' आणि उंदेरीला 'हेनरी' म्हणत. कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या जंगलात आहेत आणि त्यांचा या बेटाशी संबंध नाही.

कुलाबा दीपगृह आणि हे एकच का? आमच्या आजोबांच्या कागदात 'कुलाबा' आहे.

यात गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण कुलाबे तीन आहेत. एक मुंबईचा कुलाबा, जिथे अठराव्या शतकापासून दांडी होती आणि जिच्या जागी १८७५ मध्ये टोकाबाहेरच्या खडकावर प्राँग्ज आलं. ते मुंबई बंदराचे अभियंते टॉमस ऑर्मिस्टन यांनी बांधलं. दुसरा अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला, आंग्र्यांचं मुख्य ठाणं. तिसरा कुलाबा जिल्हा, ज्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं.

आजोबांच्या कागदात 'जिल्हा कुलाबा' असेल तर तो आजचा रायगड, आणि खांदेरी त्यातच येतं. 'कुलाब्याची दांडी' असेल तर मुंबई.

आता त्याला 'कान्होजी आंग्रे दीपगृह' म्हणतात. मग खांदेरी म्हणणं चूक आहे का?

चूक नाही. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं आणि दीपगृहही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. ज्या बेटावरून कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नराला परत पाठवलं, त्याला त्यांचं नाव मिळालं, हे योग्यच झालं. किल्ल्याचं नाव मात्र खांदेरीच आहे, आणि थळचे कोळीही खांदेरीच म्हणतात. मी बेटाला आणि किल्ल्याला खांदेरी म्हणतो. अर्ज किंवा परवानगीच्या कागदावर नवं नाव लिहा.

दीपगृहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळालाय का?

दर्जा किल्ल्याला मिळालेला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून बारा किल्ले यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गाबरोबर त्याची गणना बेटावरच्या किल्ल्यांत होते. नामांकन मराठ्यांच्या दुर्गरचनेसाठी होतं, दीपगृहासाठी नव्हतं.

माझं मत विचाराल तर मनोऱ्याकडे 'नंतर घुसवलेली वस्तू' म्हणून पाहू नये. ज्या कारणासाठी शिवाजी महाराजांनी हे बेट निवडलं, म्हणजे मुंबईच्या वाटेवर इथून नजर राहते, त्याच कारणासाठी दिवाही इथे आला. तट पाहून मनोऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्याला बेट अर्धंच दिसतं.

बेटाची आणि दिव्याची देखभाल कोण करतं?

किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. बेट मुंबई बंदराचं, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टचं आणि आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाचं. १९२७ च्या कायद्याने देशातल्या दीपगृहांचे दोन भाग पडले. सर्वसाधारण नौवहनासाठीची केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाकडे गेली, एखाद्या बंदरापुरती असलेली स्थानिक दीपगृहं त्या त्या बंदराकडे राहिली. तो कायदा २०२१ मध्ये बदलला आणि नव्या कायद्यात दीपगृहांबरोबर इलेक्ट्रॉनिक साधनांनाही जागा मिळाली.

आता उपग्रहावरून जागा कळते. मग दिवा बंद का करत नाहीत?

मोठ्या जहाजाला आज पहिली खबर उपग्रहाकडूनच मिळते, हे खरं. पण यंत्र बिघडतं, त्याला मिळणारी खूण कुणी मुद्दाम बिघडवूही शकतं, आणि पडद्यावरचा ठिपका बरोबर आहे का हे तपासायला बाहेरचं काहीतरी लागतं. दिवा दिसला, लय जुळली, दिशा जुळली की पडद्यावर भरवसा ठेवता येतो. शिवाय या पाण्यात नुसती मोठी जहाजं नसतात. पहाटे जाळी टाकायला निघालेल्या लहान होडीतल्या माणसाला मान वळवली की दिवा दिसतो. त्याला बॅटरी लागत नाही आणि रेंजही लागत नाही.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे असं ऐकलं. ते दीपगृहामुळे आलं का?

देऊळ आहे, आणि दीपगृहाशी त्याचा संबंध नाही. वेताळ हे कोळ्यांचं श्रद्धास्थान. मासेमारीला जाणाऱ्या होड्या त्याला मानतात. बेटावर आणखी एक नवल आहे, भांड्यासारखा नाद देणारा खडक. लहान दगडाने त्यावर हलकेच वाजवलं की धातूसारखा आवाज येतो. जुन्या तोफाही आहेत, काही तर आपल्या तोफगाड्यांसकट. त्यांच्यावर चढून फोटो काढू नका, अशी मनापासून विनंती.

'आयएनएस खांदेरी' पाणबुडीचं नाव यावरूनच का?

हो. पहिली 'खांदेरी' १९६८ मध्ये नौदलात आली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. दुसरी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतच दाखल झाली.

बेटावर जाता येतं का? कधी जावं?

नेहमीची फेरीबोट नाही. थळच्या धक्क्यावरून मच्छीमारांची बोट ठरवून जावं लागतं, आणि बेट बंदराचं असल्यामुळे परवानगीचं काय ते आधी विचारून घ्यावं. दीपगृहाच्या आत सोडतील असं गृहीत धरून निघू नका. जून ते सप्टेंबर जायचा विचारही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाच बंदी असते, आणि त्यानंतरही नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत थळचा तांडेल नाही म्हणेल. तो नाही म्हणाला की हुज्जत घालू नये. खांदेरीला उतरायला धक्का आहे. उंदेरीला नाही, तिथे खडकावर उडी मारून उतरावं लागतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन उंदेरीला जाऊ नका.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा आणि परतीची वेळ तांडेलाला ठरवू द्या. पाणी सोबत न्या. टेकडीवर दीपगृहाच्या पायथ्याशी पोचलात की आधी पूर्वेला बघा, उंदेरी आणि त्यामागे थळ. मग उत्तरेला. हवा स्वच्छ असेल तर मुंबईच्या इमारती दिसतात आणि मधल्या पाण्यातून जहाजं एकामागून एक बंदराकडे जाताना दिसतात.